बारा अंगणांचं पाणी

"पोरी, पानी हाकलू नगं. हाकललेलं पानी गप बसत न्हाई. कुनाच्या तरी दारात जाऊन बसतं."

शालूबाई हे म्हणाल्या तेव्हा एप्रिल चालू होता. त्यांच्या डोक्यावर ऐनाच्या वाळक्या पाल्याचा भारा होता आणि त्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे उभ्या होत्या. भिंतीच्या अलीकडे प्रतीक्षा होती. तिच्या हातात फोन, फोनमध्ये व्हिडिओ, व्हिडिओत कुठल्याशा परदेशातलं अंगण, आणि त्या अंगणात एक गुबगुबीत बाळ हिरव्यागार गवतावर पालथं पडून हसत होतं. त्याच्या कपड्यांवर मातीचा एक कण नव्हता. प्रतीक्षाने तो व्हिडिओ थांबवून, मोठा करून, बाळाची नखंसुद्धा तपासली होती. स्वच्छ होती.

"हो हो, मावशी," ती म्हणाली. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुलींशी ती याच आवाजात "हो हो" म्हणत असे.

शालूबाईंनी भारा सावरला. "आन हाकलायचंच आसंल, तर खाली माजा राब हाय. येवढं ध्यानात ठेव म्हंजी झालं."

आता राब म्हणजे काय हे प्रतीक्षाला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. तिचं माहेर मावळातल्याच इंदुरीचं. जमिनीच्या एका तुकड्यावर शेण, पाला, गवत पसरून उन्हाळ्यात भाजून काढायचं, त्या राखेत भाताचं बी पेरायचं, आणि पावसावर तिथे जी रोपं उगवतील ती उपटून मोठ्या खाचरात लावायची. राब म्हणजे भाताचा पाळणा. पाळणा मोडला की रोपं गेली, रोपं गेली की साल गेलं. प्रतीक्षाची आई सरुबाई दर पावसाळ्यात लोकांच्या खाचरांत लावणीला जायची आणि संध्याकाळी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या घेऊन यायची. कुजलेल्या त्या पांढऱ्या कातडीवर लहानगी प्रतीक्षा दिव्याजवळ बसून खोबरेल लावायची आणि मनात म्हणायची, मी शिकणार, आणि माझ्या घरात कुणाच्या पायाला चिखल लागणार नाही. पुढे ती शिकली, बी.एस्सी. झाली, गौरवशी लग्न केलं, आणि दोघांनी कर्ज काढून कामशेतच्या पुढे अंगणासकट रो-हाउस घेतलं.

ते रो-हाउस शालूबाईंच्याच खाचरात उभं होतं, ही गोष्ट विक्रीच्या माहितीपत्रकात नव्हती.

माहितीपत्रकात 'हिलव्ह्यू एन्क्लेव्ह, फेज दोन' होतं. फेज एक कुठे आहे हे बिल्डरलाही माहीत नव्हतं. बारा घरं, प्रत्येकापुढे पंधरा बाय चाळीसचं अंगण, आणि अंगणात माती. माती कसली, ओली असताना गोंद आणि वाळली की फरशी. मागच्या पावसाळ्यात प्रतीक्षाची एक चप्पल त्या अंगणात गेली ती अजून मिळालेली नाही. तिचा मुलगा मैत्रेय, घरातला मैतू, तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याने चपलेच्या मागोमाग जायचा प्रयत्न केला, गुडघ्यापर्यंत गेला, आणि मधेच थांबून शांतपणे मूठभर चिखल खाल्ला. त्या चिखलात काय काय असू शकतं याची प्रतीक्षाने त्याच दुपारी यादी केली. यादीत सतरा जंतू, चार प्रकारच्या अळ्या आणि एक जळू होती. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही हो, आपण सगळ्यांनी खाल्लीय माती." प्रतीक्षाने डॉक्टर बदलले.

तर, चौदा जूनला मैतूचा तिसरा वाढदिवस, आणि त्याआधी अंगणात कृत्रिम हिरवळ. असं ठरलं. म्हणजे तिने ठरवलं. गौरव बेगडेवाडीला एका कंपनीत शिफ्टमध्ये होता, घरातल्या सर्व विषयांवर त्याचं एकच मत असे, "बघू."

हिरवळवाला आला. त्याने बुटाच्या टाचेने अंगण ठोकलं, कान लावल्यासारखं केलं आणि मान हलवली. "मॅडम, ग्रास आपलं एक नंबर आहे. लस्सी ओता, खाली जाईल. पण खाली जाऊन पुढे कुठे जाणार? ही माती नाही, ही टाइल आहे. पाणी थांबणार, वास मारणार, खाली बेडूक पिल्लं घालणार. आधी ड्रेनेज करा, मग मला बोलवा. नाहीतर वॉरंटीचं नाव काढू नका."

बेडूक आणि पिल्लं हे शब्द ऐकल्यावर प्रतीक्षाला दुसरं काही ऐकू आलं नाही.

ड्रेनेज हा शब्द कॉलनीत उच्चारला गेला आणि तीन नंबरच्या घरातून सुहासकाका बाहेर आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून अशा एखाद्या शब्दाची वाट पाहत होते.

"मी धरणं बांधलीत, प्रतीक्षा."

"किती, काका?"

"एक. कालव्याचं काम चालू आहे."

"म्हणजे आत्ता?"

"एकोणनव्वदपासून. ते जाऊ दे. अंगण म्हणजे काय? उलटं धरण. तिथे पाणी अडवायचं, इथे जिरवायचं. शोषखड्डा घे. सहा फूट. पाणी आत, आपण बाहेर, विषय संपला."

भिंतीपलीकडून शालूबाईंनी हे ऐकलं. त्या राबावर पाला पसरत होत्या. "जिरायचं न्हाई," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "माज्या सासऱ्यानं, त्येच्या बापानं, त्येच्या बापानं ह्यो चिखल तुडवलाय. बैल घालून तुडवलाय. पानी खाली जाऊ नये म्हनून तर तळ बसवलाय. तीन पिढ्यांनी लावलेलं बूच हाय त्ये."

सुहासकाका प्रतीक्षाकडे वळून हळूच म्हणाले, "अशास्त्रीय."

खड्डा खणायला गोरख आला, जेसीबी घेऊन. "जय भीम, ताई. कुटं खांदायचं?" जेसीबी गेटातून आत येईना म्हणून आधी गेट काढलं. गेट काढताना खांब हलला. खांब हलताना पाण्याचा मीटर फुटला. मीटर फुटल्यावर दोन तास कॉलनीचं पिण्याचं पाणी प्रतीक्षाच्या अंगणात येत राहिलं आणि तिथेच उभं राहिलं. 'ड्रेनेजची निकड यावरून लक्षात येते,' असं सुहासकाकांनी कॉलनीच्या ग्रुपवर फोटोसह टाकलं.

गोरखने सहा फूट खणलं. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, तिच्याखाली आणखी एक, जिला गोरखने मावळात सहसा छापत नाहीत असं नाव ठेवलं. खडी भरण्याआधी चाचणी म्हणून काकांनी दहा बादल्या ओतायला लावल्या. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात दहा बादल्या होत्या. चौथ्या दिवशीही दहाच होत्या, पण आता त्यात काहीतरी वळवळत होतं. प्रतीक्षाने पोटावर पालथं पडून, भिंग घेऊन मोजायला सुरुवात केली. दोनशेवर गेल्यावर तिला चक्कर आली.

आरोग्यसेविका आली. तिने बॅटरी मारली, मान डोलावली, आणि प्रतीक्षा "अहो थांबा, थांबा" म्हणत असतानाच दरवाज्याशेजारी, 'गौरव–प्रतीक्षा–मैत्रेय' या पितळी पाटीच्या बरोबर खाली, गेरूने लिहिलं: 'डासअळी – आढळली'. वर तारीख टाकली. सबंध कॉलनीत एकट्या जिच्या घरी पायपुसण्यांना वारांप्रमाणे नंबर होते, जिच्याकडे पाहुण्यांना आधी हात धुवायला लावत, तिच्याच भिंतीवर हे! पुसायला गेली तर सेविका म्हणाली, "पुसू नका, सरकारी नोंद आहे." मग तिने पिशवीतून दहाबारा गप्पी मासे खड्ड्यात सोडले आणि निघून गेली.

अशा प्रकारे अंगण सुकवायला निघालेल्या बाईच्या दारात भर उन्हाळ्यात मत्स्यपालन सुरू झालं. मैतूला मासे इतके आवडले की तो दिवसभर खड्ड्याकडे धावे, आणि प्रतीक्षा दिवसभर मैतूकडे. खड्ड्याभोवती तिने आधी खुर्च्या लावल्या, मग दोरी बांधली, मग शिडी आडवी टाकली, आणि शेवटी तिथेच स्वतःची खुर्ची टाकून बसली. गौरवला विचारलं, "आता?" तो म्हणाला, "बघू."

मग ती ग्रामपंचायतीत गेली. पाणी जिरत नाही तर गटारात सोडावं, त्याची परवानगी घ्यावी, हा सरळ विचार. ग्रामसेवकांनी नकाशा काढून बोट ठेवलं. "हे काय, तुमच्या भिंतीमागूनच गटार जातंय. जोडा की."

"तिथे गटार नाहीये."

"आहे. मागच्या वर्षी पूर्ण झालंय."

"मी रोज बघते, भाऊसाहेब. तिथे शालूबाईंचा राब आहे."

"ताई," ग्रामसेवक समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या डोळ्यांवर माझा अविश्वास नाही. पण पूर्णत्वाचा दाखला माझ्याकडे आहे. आता जे पूर्ण झालंय त्याची परवानगी तुम्ही मागणार, म्हणजे ते झालेलं नाही असं मी लिहून देणार. मी कसं देऊ?"

शेवटी मार्ग काढला गोरखने, आणि तो इतका साधा होता की काकांचा अपमान झाला. "खड्डा बुजवा. आंगनात आडवं चर मारू, त्यात भोकाभोकाचा पाइप, वर खडी, वर कापड. समदं पानी पाइपात येतंय. पाइपाला ढाळ देऊ खालच्या कोपऱ्याकडं. तितं भिंतीला भोक."

"आणि पुढे?"

"पुढं काय? पुढं ढाळच हाय."

प्रतीक्षाने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. पलीकडे उतार होता, उताराच्या पायथ्याशी काळा चौकोन होता, भाजून तयार झालेला राब, आणि त्याच्या पुढे शालूबाईंचं पत्र्याचं घर. चार खाचरं विकून उरलेला तेवढाच तुकडा. एप्रिलमधलं ते वाक्य तिला आठवलं, हे कबूल केलं पाहिजे. पण त्याच क्षणी मैतू हातात गप्पी मासा घेऊन आला, आणि मासा तोंडाच्या दिशेने जात होता. "मारा भोक," ती म्हणाली.

गप्पी मासे बादलीतून इंद्रायणीला पोचवण्यात आले. त्यांचा निरोपसमारंभ मैतूने दोन तास रडून साजरा केला.

पाइप पडला. आता चाचणी. हिरवळवाल्याने बजावलं होतं, चाचणीचा व्हिडिओ पाठवल्याशिवाय माल निघणार नाही. मेचा शेवटचा आठवडा, आकाशात ढगाचं नाव नाही, नळाला एक दिवसाआड पाऊण तास पाणी. तेव्हा प्रतीक्षाने टँकर मागवला.

सगळी कॉलनी बादल्या घेऊन धावत आली. टँकर आपल्यासाठी नाही, हे कळल्यावर बादल्या घेऊनच उभी राहिली. टँकरवाल्याने नळी हातात धरून विचारलं, "टाकी कुटंय?"

"टाकी नाही. अंगणात ओता."

"आंगनात?"

"हो. सगळा."

"ताई, पियाचं पानी हाय ह्ये."

"मला कल्पना आहे. पण ही शास्त्रीय चाचणी आहे," प्रतीक्षा म्हणाली, आणि बादल्यांच्या रांगेकडे तिने पाहिलं नाही.

पाच हजार लिटर अंगणात पडलं. क्षणभर तळं झालं. मग खडीतून गडगड आवाज आला, तळं थरथरलं आणि आत जायला लागलं. काका घड्याळ धरून होते. अकरा मिनिटांत अंगण कोरडं झालं. ज्यांच्या बादल्या रिकाम्या होत्या त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, कारण बाराही अंगणांचं दुखणं एकच होतं. टँकरवाला तेवढा रिकाम्या अंगणाकडे बघत राहिला. "पर पानी गेलं कुटं?" त्याने विचारलं.  सगळे व्हिडिओ पाहत होते.

पाणी कुठे गेलं ते दहा मिनिटांनी शालूबाई घेऊन आल्या. त्यांच्या ओंजळीत काळा चिखल होता आणि चिखलात भाताचे दाणे चमकत होते. परवाच त्यांनी राबात धूळवाफेवर बी पेरलं होतं, म्हणजे कोरड्या मातीत, पावसाच्या भरवशावर. पाऊस हळू येतो, राखेला आंघोळ घालतो. टँकर हळू येत नाही.

त्या ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. प्रतीक्षाकडे ओरडण्यावर सहा उत्तरं तयार होती. शालूबाईंनी फक्त ओंजळ पुढे केली. "राख गेली वढ्याला. बी ह्ये येवढं घावलं."

"मावशी, मी... अहो मला खरंच... मी बियाणं आणून देते, दुकानातून."

"बी घावंल गं. राब आता कशानं भाजू? डोंगराचा पाला मी येकटीनं चैतात वाहिलाय. बावीस भारं."

प्रतीक्षा धावत घरात गेली. काहीतरी द्यायला हवं, आत्ताच्या आत्ता द्यायला हवं, या घाईत ती स्वयंपाकघरातून जे घेऊन आली ते म्हणजे इंद्रायणी तांदळाचं पाच किलोचं पाकीट. पॉलिश केलेला, वर 'शेतातून थेट तुमच्या घरी' असं छापलेला. शालूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, आणि खरोखरच कुतूहलाने विचारलं,

"पोरी, ह्यो पेरला तर उगवंल का?"

तरी पाकीट घेऊन त्या गेल्या. दिलेलं नको म्हणायची त्यांना सवय नव्हती.

त्या संध्याकाळी प्रतीक्षा जेवली नाही. व्हिडिओ मात्र तोवर ग्रुपवर गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्याला 'प्रतीक्षा पॅटर्न' असं नाव दिलं, आणि माणूस किती लवकर विरघळतो पाहा, नाव वाचून तिने चहाबरोबर बिस्किट घेतलं. आठवड्यात अकरा घरांत अकरा चर खणले गेले. भिंतीला अकरा भोकं पाडली तर भिंत उभी राहणार नाही, हे काकांच्या ध्यानात आलं. तेव्हा त्यांनी आयुष्यातलं दुसरं धरण बांधावं तशा निष्ठेने आराखडा काढला: अकराही अंगणांचे पाइप एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी सगळे प्रतीक्षाच्या पाइपात. कारण तिचं घर सर्वांत खाली. "आपल्या सिस्टिमचं मुख तुझ्याकडे," काका म्हणाले. हा गौरव आहे असं तिला वाटलं. गौरवला विचारलं. तो म्हणाला, "बघू."

हिरवळ आली, अंथरली गेली, कडा खिळल्या गेल्या. दिसायला व्हिडिओसारखीच. दुपारी बारानंतर मात्र ती इतकी तापे की मैतू पहिल्याच दिवशी तीन पावलं चालून बोंबलत परत आला. मग तिला थंड ठेवायला रोज दोन वेळा पाणी मारावं लागे. पाणी मारलं की ते पाइपातून जाई. कुठे, हे आता प्रतीक्षाला ठाऊक होतं, म्हणून पाणी मारताना ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहायची.

वाढदिवसाला इंदुरीहून सरुबाई आल्या. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहिलं, नातवाचा मुका घेतला, आणि अंगणात येऊन हिरवळीवर मांडी घालून बसल्या. एक पातं चिमटीत धरून ओढलं. "उपटंना की गं ह्ये."

"आई, उपटायचं नसतंच ते."

"खुरपायचं न्हाई, कापायचं न्हाई, म्हशीला घालायचं न्हाई. मग ह्येचा उपेग काय?"

"पाय खराब होत नाहीत, आई." प्रतीक्षाला आणखी सांगायचं होतं. चिखल्यांबद्दल, खोबरेल तेलाबद्दल, हे सगळं खरं म्हणजे कुणाच्या पायांसाठी केलं त्याबद्दल. पण पाहुणे होते.

सरुबाई उठल्या आणि सवयीने भिंतीपाशी जाऊन खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वळून विचारलं, "राब कुनी मोडला त्यो?"

 सुहासकाकांनी केकची चौकशी केली. सरुबाईंनी लेकीच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि त्यांना उत्तर मिळालं. केक न खाता त्या दुपारच्याच गाडीने इंदुरीला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "लोकांच्या खाचरात मी उभा जलम चिखल तुडवला. पन कुनाच्या राबात पाय न्हाई टाकला."

जुलै आला. मावळात तो कसा येतो हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. चार दिवस नुसता कोसळत होता. बाराही अंगणं ठणठणीत. ग्रुपवर कोरड्या हिरवळीचे फोटो, छत्रीखाली खुर्च्या टाकून भजी, 'प्रतीक्षा मॅडमचे आभार'. आणि मॅडम भिंतीपाशी. बारा अंगणांचं पाणी त्या एका भोकातून मांडीएवढ्या जाड धारेने बाहेर उडत होतं, मोडलेल्या राबावरून वाहत होतं, आणि शालूबाईंच्या उंबऱ्यातून आत जात होतं. चूल वरती खाटेवर होती. खाट विटांवर होती. खाटेवर चुलीशेजारी शालूबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि प्रतीक्षाकडे पाहून त्यांनी हात हलवला. ओळखीचं माणूस दिसलं की हलवतो तसा.

प्रतीक्षा घरात गेली. कपाट उघडून तिने मैतूची लहानपणची गोधडी काढली, सरुबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली, आणि भर पावसात ती गोधडी गुंडाळून पाइपाच्या तोंडात कोंबली. वरून पाटा ठेवला. धार थांबली.

पंधरा मिनिटांत तिची हिरवळ तव्यावरच्या पोळीसारखी फुगली. अर्ध्या तासात तिचे खिळे एकेक करून उडाले. तासाभरात नंबर अकरा फुगला, मग दहा, मग नऊ, आणि अशा क्रमाने पाणी सुहासकाकांच्या अंगणात पोचलं तेव्हा काका भज्यांसकट उभे राहिले.

चार वाजता तातडीची सभा भरली, तीही प्रतीक्षाच्याच ओसरीवर. आज अंगणात कुणाला पाय ठेवता येत नव्हता.

"हे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे," काका म्हणाले. "मुख तुझ्या अंगणात असलं तरी ते सामाईक आहे. तू एकटी ते बंद करू शकत नाहीस."

"काका, त्यांच्या घरात पाणी जातंय!"

"त्या सखल भागात राहतात, प्रतीक्षा. सखल भागात पाणी जातं. हे मी म्हणत नाही, हे शास्त्र म्हणतं."

"एप्रिलमध्ये शास्त्र म्हणत होतं की ते खड्ड्यात जिरेल."

यावर ज्यांचं अंगण फुगलं होतं त्या सगळ्यांनी मिळून मतदान घ्यायचं ठरवलं. एका घराला एक मत. प्रतीक्षाने हात वर केला, तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, सभासद गौरव आहेत." सगळ्यांनी गौरवकडे पाहिलं. प्रतीक्षानेही पाहिलं. सात वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. गौरवने घसा खाकरला.

"बघू," तो म्हणाला.

इतिवृत्तात त्याची नोंद 'तटस्थ' अशी झाली. ठराव अकरा विरुद्ध शून्य, एक तटस्थ, असा मंजूर.

गोरखला बोलावून बूच काढण्यात आलं. त्याने चिखलाने जड झालेली गोधडी पिळून प्रतीक्षाच्या हातात दिली. "धुतली की चालंल आजून, ताई," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. मागे धार पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

शालूबाई रविवारी गेल्या. लोणावळ्याशेजारी वलवणला त्यांची लेक असते, पिंकी, धरणाखालच्या अंगाला. एक ट्रंक, एक कोंबडी, आणि भिंतीजवळ येऊन त्यांनी वरून एक पिशवी प्रतीक्षाच्या हातात दिली. आत पाच किलोचं पाकीट होतं, न फोडलेलं.

"तुजं तांदूळ. माळ्यावर ठिवलं हुतं, भिजलं न्हाईत."

त्या घराला आता कुलूप आहे. कुलपाच्या खालून पाणी आत जातं आणि मागच्या दाराने बाहेर येतं. त्याची कुणाची तक्रार नाही. हिरवळ पुन्हा खिळून बसवली आहे. 'डासअळी – आढळली' अजून भिंतीवर आहे. प्रतीक्षा आता ते पुसायला जात नाही.

पिंकीचा फोन लागत नाही. प्रतीक्षा दोनदा वलवणला जायला निघाली होती. एकदा मैतूला कणकण होती, एकदा नव्हती. खरं सांगायचं तर शालूबाईंनी दार उघडलं तर काय म्हणायचं, ते तिला अजून सुचलेलं नाही. म्हणून तिने हे काम तुमच्यावर सोपवलंय. तुम्ही लोणावळ्याला जाताच. धुकं बघायला, मक्याचं कणीस खायला, कुणाच्या तरी बंगल्यावर दोन दिवस राहायला. तर वाट वाकडी करून वलवणला धरणाखाली उतरा आणि पिंकीचं घर विचारा. शालूबाई आहेत ना, बऱ्या आहेत ना, खाट जमिनीवरच आहे ना, तेवढं डोकावून बघा. आमचं नाव सांगू नका.

आणि त्यांच्या दारात पाणी उभं असलं, तर तसंच वर चढून जा. वर एखादा बंगला असेल. त्याच्या पुढची हिरवळ वाकून, हाताने ओढून बघा. उपटते का.